संमतीने घटस्फोट : निकालाचा दिवस आणि मोकळे होण्याचा दिवस

पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माहेरी राहते. माझे लग्न मे २०१८ मध्ये झाले. सहा वर्षांची मुलगी आहे. २०२२ च्या दिवाळीला माहेरी आले ती परत गेले नाही. पती पुण्याकडे कंपनीत कामाला आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडची माणसे पोलीस पाटलांच्या ओसरीवर बसली आणि मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली. तिच्यावर नोटरीचा शिक्का आहे. तीन लाख रुपये ठरले, त्यातले पन्नास हजार मिळाले. कोर्टात अजून काहीच टाकलेले नाही. आता वर्धेकडचे एक स्थळ आले आहे. माणसे चांगली आहेत, मुलीसकट करायला तयार आहेत, पण तुळशीच्या लग्नानंतर लगेच उरकू म्हणतात. गावातले म्हणतात, सोडचिठ्ठी झाली, आता वेगळे काही लागत नाही. वकील साहेब सहा महिने सांगतात. मावसभाऊ म्हणतो, सुप्रीम कोर्टाने सहा महिने काढून टाकले. भांडण काहीच नसताना वेळ किती लागतो आणि पक्के कधी धरायचे? नणंद म्हणते, तो पेशीवर येणारच नाही. तसे झाले तर काय करायचे?

उत्तर

ताई, तुमच्या घरी तारीख धरण्याची घाई दिसते, म्हणून आधी थेट उत्तर देतो. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आजही विवाहित आहात. याचिका दाखल झाल्यापासून निकालाला, फेरविचारासाठी कायद्याने ठेवलेली सहा महिन्यांची मुदत माफ झाली नाही तर साधारण सात ते नऊ महिने आणि माफ झाली तर दोन ते चार महिने लागतील, असे धरून चाला. विवाह निकालाच्या दिवशीच संपतो, परंतु दुसऱ्या लग्नासाठी त्यानंतर नव्वद दिवस थांबणे हाच सुरक्षित मार्ग आहे. याचा अर्थ असा की वर्धेकडच्या मंडळींनी सुचवलेला मुहूर्त तुम्हाला गाठता येणार नाही, आणि हे त्यांना आजच सांगितलेले बरे.

आता त्या सोडचिठ्ठीविषयी. आपल्या भागात काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी ही पद्धत जुनी आहे आणि पंचांसमोर बसून दोन्ही घरांनी शांतपणे मार्ग काढला यात वाईट काहीच नाही. परंतु हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू आहे त्यांचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. मुद्रांकाची किंमत कितीही असो आणि खाली कितीही सह्या असोत, त्याने फरक पडत नाही. नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की सह्या करणारी माणसे त्याच्यासमोर आली होती. नोटरीला विवाह मोडण्याचा अधिकार नाही. इसारचिठ्ठी झाली म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही, त्यासाठी खरेदीखत आणि फेरफार लागतो, हे ज्या गावात प्रत्येकाला ठाऊक असते त्याच गावात लग्नाच्या बाबतीत मात्र कागदावर भागवले जाते, याचे मला नेहमी नवल वाटते.

याला एक अपवाद कायद्यानेच ठेवला आहे. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोट घेण्याची प्रथा असेल तर त्या कायद्याचे कलम २९ (२) ती राखून ठेवते. मात्र अशी रूढी जुनी, अखंड आणि समाजात सर्वमान्य आहे हे, वाद उभा राहिल्यास, ती सांगणाऱ्यालाच न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ‘आमच्यात असेच चालते’ एवढे म्हणणे पुरत नाही. तुमच्या पत्रात अशा रूढीचा उल्लेख नाही, तेव्हा तिच्या भरवशावर तुम्ही दुसरे लग्न करू नये. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींची गोष्ट वेगळी आहे: केंद्र सरकारने अधिसूचना काढून लागू केल्याशिवाय हा कायदा त्यांना लागूच होत नाही, त्यांचा प्रश्न त्यांच्या रूढीनुसार सुटतो. बौद्ध, जैन आणि शीख मात्र या कायद्यात येतात. नोंदणी विवाह केलेल्यांना विशेष विवाह कायद्यात जवळपास अशीच तरतूद आहे.

सोडचिठ्ठीच्या बळावर लग्न लावले तर काय होते, हेही सांगायला हवे, कारण ते गावात कोणी सांगत नाही. पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह मुळातच शून्य ठरतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हाही होतो. आज पती काही म्हणत नाहीत, हे खरे. परंतु उद्या पैशावरून किंवा मुलीवरून बिनसले तर तुमच्याविरुद्ध तक्रार करण्याचे हत्यार तुम्हीच त्यांच्या हाती दिलेले असेल. वर्धेच्या घरात पुढे वारसाहक्काचा, निवृत्तिवेतनाचा किंवा घरकुलाचा प्रश्न निघाला, तरी तुमचे तिथले स्थान पहिल्याच प्रश्नाला डळमळेल.

तरीही तो कागद फेकू नका, तो तुमच्या उपयोगाचा आहे. तुम्ही दोघे केव्हापासून वेगळे राहता आणि तुमच्यात समझोता झाला आहे, या दोन्ही गोष्टींचा तो लेखी पुरावा आहे, आणि सहा महिन्यांची मुदत माफ करून मागताना नेमके हेच न्यायालयासमोर मांडावे लागते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद या कायद्यात १९७६ मध्ये कलम १३-ब म्हणून आली. तिची पहिली अट अशी की याचिका दाखल करण्यापूर्वी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून एकत्र न नांदणे. एकाच छताखाली राहूनही ही अट पूर्ण होऊ शकते, असे न्यायालयांनी मानले आहे. तुमचा प्रश्न तर तितकाही येत नाही, कारण तुम्ही २०२२ च्या दिवाळीपासून माहेरी आहात. याचिका दोघांनी मिळून, दोघांच्या सहीची, एकच दाखल करायची असते. ती विवाह जिथे झाला तिथे, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे, किंवा पत्नी आज जिथे राहते तिथल्या न्यायालयात करता येते. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीच्या राहत्या ठिकाणाची सोय झाली असल्यामुळे तुम्हाला पुण्याला खेटे घालण्याचे कारण नाही. तुमच्या भागासाठी कुटुंब न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात याचिका जाईल. कोणते न्यायालय, हे आधी नक्की विचारून घ्या, कारण शेवटच्या नव्वद दिवसांचा हिशेब त्यावर अवलंबून आहे.

आता तुमचे वकील आणि तुमचा मावसभाऊ यांच्यातला मतभेद. दोघेही अर्धे बरोबर आहेत. याचिका सादर केल्यानंतर सहा महिन्यांच्या आत नाही आणि अठरा महिन्यांच्या नंतर नाही, अशा काळात दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन ‘आमचा निर्णय कायम आहे’ असे सांगायचे, अशी कलमाची रचना आहे. हा मधला काळ फेरविचारासाठी ठेवलेला आहे. तो मोजायचा तो याचिका सादर केल्याच्या तारखेपासून, पहिल्या पेशीपासून नव्हे. अनेक जण इथे चुकून एक-दीड महिना उगाच वाढवून घेतात. १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात असे ठरवले की सहा महिन्यांची ही अट अनिवार्य नाही आणि योग्य प्रकरणात ती शिथिल करण्याचा अधिकार याचिका चालवणाऱ्या न्यायालयालाच आहे. म्हणजे सहा महिने ‘काढून टाकलेले’ नाहीत. ते माफ करून मागावे लागतात, आणि माफ करायचे की नाही हे न्यायाधीश प्रकरण पाहून ठरवतात.

त्या निकालात जे निकष दिले त्यांत तुमचे प्रकरण बऱ्यापैकी बसते, असे मला वाटते. पहिला निकष असा की कायद्यातले एक वर्ष आणि वरचे सहा महिने असे मिळून दीड वर्षाचे वेगळे राहणे याचिका सादर करण्यापूर्वीच झालेले असावे, आणि तुमचे त्याहून कितीतरी जास्त झाले आहे. समेटाचे सगळे प्रयत्न होऊन गेलेले असावेत आणि पुन्हा एकत्र येण्याची शक्यता उरलेली नसावी. पोटगी, मुलीचा ताबा आणि इतर बाबी यांचा खराखुरा निकाल आपसात लागलेला असावा. आणि आणखी थांबण्याने दोघांचा त्रास फक्त लांबत असावा. यांतील तिसऱ्या गोष्टीत तुमची बाजू आज लंगडी आहे, कारण अडीच लाख रुपये अजून यायचे आहेत आणि मुलीविषयी सोडचिठ्ठीत काय लिहिले आहे याचा पत्रात काहीच उल्लेख नाही. माफीचा अर्ज याचिका सादर केल्यानंतर आठवड्याभराने करता येतो, आणि दोघांनी मिळून, कारणे स्पष्ट लिहून केला तरच त्याला वजन येते. ‘पत्नीच्या दुसऱ्या लग्नाची तारीख ठरली आहे’ हे कारण मात्र कृपा करून लिहू नका. काही न्यायाधीशांना त्यातून हा समझोता घाईचा आहे अशी शंका येते, आणि मग ते पूर्ण सहा महिने थांबवतात.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी एक निकाल दिला, आणि त्यामुळेही गावोगाव गैरसमज पसरला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून सर्वोच्च न्यायालय स्वतः थेट घटस्फोट देऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. तो अधिकार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयाला नाही. तिथे तुमच्यासाठी २०१७ चाच निकाल कामाचा आहे.

कायद्याने घालून दिलेला वेळ एवढाच. बाकीचा वेळ कागद, सुट्ट्या आणि माणसे खातात, आणि आपल्याकडे खरा विलंब इथेच होतो. विवाह नोंदणीचा दाखला नाही म्हणून याचिका पडून राहते, हे नेहमीचेच. तुमच्या विवाहाची ग्रामपंचायतीत नोंद झाली नसेल तर लग्नपत्रिका, लग्नातील छायाचित्रे आणि शपथपत्र यांवर काम चालते, पण ते आधीच तयार हवे. आधार कार्डावर अजून सासरचा पत्ता असेल तर माहेरी राहत असल्याचा दुसरा पुरावा काढून ठेवा. मे महिन्यातील उन्हाळी सुट्टी, दिवाळीची सुट्टी, न्यायाधीशांची बदली, वकिलांचा कामबंद, या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. हातात असते ते एवढेच की दोघांचे बयाण ज्या दिवशी घ्यायचे त्या दिवशी दोघेही हजर असावेत. कंपनीत कामाला असलेल्या माणसाला रजा मिळत नाही, हे कारण मी खोटे मानत नाही. म्हणूनच पुढची तारीख न्यायालयाकडून घेताना त्यांना विचारूनच घ्या. दूर असलेल्या पक्षकाराला परवानगी घेऊन व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे हजर राहता येते, आणि अगदीच अशक्य असेल तर आई-वडील किंवा भाऊ-बहीण अशा जवळच्या नातेवाइकामार्फत बाजू मांडू देण्याची मुभाही २०१७ च्या निकालात आहे. परवानगी द्यायची की नाही, हे त्या न्यायालयाच्या हाती असते. माझे मत विचाराल तर निदान एकदा त्यांनी स्वतः यावे; समोर उभ्या असलेल्या माणसाचे बयाण न्यायाधीशांचा विश्वास लवकर संपादन करते.

प्रकरणाला नंबर पडला की वकिलांकडून सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते भावाच्या मोबाइलवरही दिसते. ‘पेशी केव्हा आहे’ एवढे विचारण्यासाठी एसटीने तालुक्याला जाण्याची गरज राहत नाही.

नणंदेच्या बोलण्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. संमती ही याचिकेवर सही केली की कायमची झाली, असे नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओमप्रकाश या प्रकरणात सांगितले की हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकून असली पाहिजे, आणि त्याआधी कोणताही एक पक्ष ती मागे घेऊ शकतो. म्हणून पहिल्या पेशीवर बयाण दिलेले पती दुसऱ्या वेळी आलेच नाहीत, तर न्यायालय केवळ तुमच्या सांगण्यावरून परस्पर संमतीचा घटस्फोट देणार नाही. समन्स काढून, कारण विचारून, काही तारखा वाट पाहिली जाईल. अठरा महिने उलटून गेले तर ती याचिका निकाली निघण्याची शक्यता असते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तसे झाले तर तुमच्यापुढे एकतर्फी मार्ग उरतो: कलम १३ खाली तुम्ही एकटीने याचिका करायची, पुण्याच्या पत्त्यावर समन्स बजावायचे आणि पती आले नाहीत तर एकतर्फी पुरावा द्यायचा. हाही ‘भांडण नसलेला’ घटस्फोटच, परंतु तो कच्चा असतो. समन्स नीट बजावलेच गेले नव्हते, किंवा येता न येण्याला योग्य कारण होते, असे दाखवून पती हुकूमनामा रद्द करून मागू शकतात. त्यासाठी एरवी तीस दिवसांची मुदत असते, पण समन्स बजावलेलेच नसेल तर ते तीस दिवस त्यांना निकाल कळल्यापासून मोजले जातात. म्हणजे दीड वर्षाने ‘मला आत्ता कळले’ म्हणत माणूस उभा राहू शकतो. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी वकिलांशी मोकळेपणाने बोलावी लागेल. दोन वर्षे सोडून दिल्याच्या कारणावर घटस्फोट मागायचा तर सोडून जाणे हे तुमच्या संमतीविना झालेले असावे लागते. तुम्ही तर स्वतः माहेरी आलात आणि वर सोडचिठ्ठीत ‘आम्ही दोघे राजीखुशीने वेगळे होत आहोत’ असे लिहून दिले असेल. मग कारण म्हणून क्रूरता सिद्ध करावी लागेल, आणि ते पुराव्याचे लांब काम आहे. कायदा म्हणतो की अशी याचिका समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा; प्रत्यक्षात दीड-दोन वर्षे लागली तरी कोणाला नवल वाटत नाही. म्हणून पतींना संमतीवर ठेवणे, यातच तुमचे सर्वाधिक हित आहे.

त्यांना संमतीवर ठेवण्याचा उपाय म्हणजे धमकी नव्हे, तर व्यवहार नीट लिहिणे. राहिलेले अडीच लाख कोण, केव्हा आणि कसे देणार हे समझोत्याच्या अटींत लिहा. सर्रास चालणारी आणि दोघांच्याही सोयीची पद्धत अशी की काही रक्कम पहिल्या बयाणाच्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या बयाणाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, न्यायालयासमोर दिली जाते आणि पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन तशी नोंद होते. ‘पैसे नंतर देतो, आधी सही कर’ याला होकार देऊ नका, आणि ‘सगळे पैसे आधी द्या, मग येते’ असाही हट्ट धरू नका. दोन्हींत एक बाजू अडकते आणि खटला लांबतो. मिळालेल्या पन्नास हजारांचीही नोंद करा. आंदणात दिलेली भांडी, कपाट आणि अंगावरचे दागिने यांची यादी त्याच अटींत जोडा. स्त्रीधन तुमचे आहे, ते तीन लाखांत आले असे कोणी म्हणत असेल तर तसे स्पष्ट लिहून तुम्ही मान्य करावे लागेल, नुसते गृहीत धरता येणार नाही. पोटगीचा, घरगुती हिंसाचाराचा किंवा छळाचा एखादा अर्ज कुठे चालू असेल तर तो कोण मागे घेणार हेही लिहावे. छळाचा फौजदारी गुन्हा घटस्फोटाने आपोआप संपत नाही. तो रद्द करून घ्यायला बहुतेक वेळा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागते, आणि पती त्यासाठी निकाल थांबवून ठेवतात, हे मी पाहिले आहे.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ताबा तुमच्याकडे राहणार असेल तर वडिलांना ती कधी आणि कुठे भेटेल हे दिवस आणि जागा यांसह लिहा. ‘सोयीनुसार भेटतील’ हे वाक्य पुढच्या भांडणाचे बी आहे. आणि मुलीच्या पालनपोषणाचा हक्क हा तिचा आहे, आईने तो सोडून देता येत नाही. ‘मुलीसाठी काहीही मागणार नाही’ असे कोणी लिहून घेऊ पाहत असेल तर न्यायाधीशच ते विचारतील आणि त्यात तारखा जातील. वर्धेकडच्यांचा चांगुलपणा हा मुलीच्या वडिलांची जबाबदारी माफ करण्याचे कारण होऊ नये.

आता निकालानंतरचा प्रश्न, जो खरे तर तुमच्या पत्राचा गाभा आहे. कलम १३-ब मध्येच म्हटले आहे की विवाह हुकूमनाम्याच्या तारखेपासून संपतो. नक्कल मिळायला महिना लागला, तरी तुम्ही त्या दिवसापासून घटस्फोटित आहात. दुसरे लग्न मात्र कलम १५ पाहून करायचे असते: अपिलाचा हक्कच नसेल, किंवा अपिलाची मुदत अपील न होता संपली असेल, किंवा झालेले अपील फेटाळले गेले असेल, तेव्हाच पुन्हा विवाह करता येतो. या कायद्याखालील हुकूमनाम्यावर अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे. २००३ पूर्वी ती तीस दिवस होती, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून तोच आकडा ऐकू येतो. कुटुंब न्यायालयाचा निकाल असेल तर संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, असे कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ (२) मध्ये सरळ लिहिलेले आहे, म्हणून तिथे थांबण्याचे कारण उरत नाही. दिवाणी न्यायालयाच्या निकालाबाबतही संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही असे अनेक वकील सांगतात, पण तिथे मी तुम्हाला नव्वद दिवस थांबायलाच सांगेन. मुदतीच्या आत केलेला विवाह केवळ त्या कारणाने शून्य ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या प्रकरणांत म्हटले आहे, हे खरे. परंतु तसे म्हणवून घेण्यासाठी त्या जोडप्यांना वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहावे लागले. तीन महिन्यांच्या घाईसाठी तो धोका पत्करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

हिशेब मांडून दाखवतो. समजा याचिका १ जुलैला सादर झाली आणि माफी मिळाली नाही. सहा महिने १ जानेवारीला होतील. दुसरे बयाण होऊन २० जानेवारीला हुकूमनामा झाला, तर नव्वद दिवस २० एप्रिलला संपतील, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा मुहूर्त धरता येईल. माफी मिळाली आणि १० सप्टेंबरला हुकूमनामा झाला, तर नव्वद दिवस ९ डिसेंबरला संपतील. हे दोन्ही हिशेब सगळे सुरळीत झाले तरचे आहेत. एकही पेशी वाया गेली की तारखा पुढे सरकतात. म्हणून हुकूमनामा हातात येण्यापूर्वी मंडप, पत्रिका, आचारी यांपैकी कशाचाही इसार देऊ नका. साखरपुड्यासारखा कार्यक्रमही टाळलात तर बरे. त्याची छायाचित्रे गटागटांत फिरतात आणि पतीकडचे कोणी दुखावले गेले तर संमती डगमगायला तेवढे पुरते.

निकाल झाला की न्यायनिर्णय आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित नकला मागा. हुकूमनाम्याची एक प्रत प्रत्येक पक्षकाराला मोफत द्यावी, असे याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. शिवाय नक्कल विभागात अर्ज करून दोन-तीन जादा प्रती काढून ठेवा, कारण पुढे विवाह नोंदणीला आणि मुलीच्या शाळेच्या कामाला त्या लागतील.

खर्चाचा उल्लेख तुम्ही केला नाही, तरी सांगतो. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ ने दिला आहे. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. घटस्फोटाच्या प्रकरणात स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातही महाराष्ट्र शासनाने माफी दिलेली आहे. तुमचे आताचे वकील विश्वासाचे असतील तर बदलू नका, मात्र पतींसाठी वेगळा वकील असलेला बरा. दोघांचा एकच वकील असला की उद्या ‘मला कोणी नीट समजावले नाही’ म्हणायला जागा राहते.

येत्या आठवड्यात वकिलांकडे जाताना सोडचिठ्ठीची मूळ प्रत, लग्नपत्रिका, दोन छायाचित्रे, तुमचे आणि मुलीचे आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि पन्नास हजार मिळाल्याचा बँकेचा किंवा चिठ्ठीचा पुरावा बरोबर न्या, आणि पतींना सहीसाठी यायला जमेल अशी तारीख फोनवर विचारून मगच वकिलांची वेळ घ्या.